कपाटातील खेळणी आणि मुलांचे हात

तीन ते सहा वर्षांचे मूल कानांनी ऐकून जितके शिकते त्याहून कितीतरी अधिक हातांनी हाताळून शिकते, हे बालशिक्षणशास्त्राचे सर्वमान्य तत्त्व आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० साली तिसऱ्या ते आठव्या वर्षापर्यंतचा काळ हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला. पाठोपाठ फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने खेळणी, कोडी, बाहुल्या आणि चित्रफलक यांचा ‘जादुई पिटारा’ सिद्ध केला. धोरणाची दिशा योग्य आहे, याविषयी दुमत नसावे. प्रश्न उरतो तो हा पेटारा उघडतो किती वेळा, याचा.

अंगणवाडीच्या भिंती चित्रांनी सजलेल्या असतात. मात्र हाताळण्याचे साहित्य पुष्कळदा कुलूपबंद कपाटात आढळते. याचा दोष सेविकेच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. मिळालेली वस्तू नोंदवहीत चढते आणि ती हरवली वा मोडली तर जाब तिलाच द्यावा लागतो. मुलांच्या हाती दिलेली मण्यांची माळ कधी ना कधी तुटणारच आणि एखादा ठोकळा कोणाच्या तरी मुठीतून घरी जाणारच. अशा स्थितीत तुटपुंज्या मानधनावर राबणारी सेविका साहित्य जपून ठेवते, यात नवल ते कोणते?

साहित्य हाती का द्यावयाचे, याचे उत्तर मारिया माँटेसोरी यांनी १९०७ साली रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत बालगृह उघडून प्रत्यक्षात दाखविले. त्यांच्या एका साधनात लाकडी पट्टीला दहा खाचा असतात आणि त्यांत नेमके बसणारे दहा दट्टे. एक दट्टा चुकीच्या खाचेत गेला की अखेरीस कोणता तरी दट्टा बसत नाही. बाईंनी शब्दही न उच्चारता मूल आपली चूक शोधते आणि सुधारते. दट्ट्याची मूठ चिमटीत धरताना पुढे पेन्सिल धरावयाची बोटेही तयार होतात. भिंतीवरचे चित्र कितीही सुबक असले तरी त्याला हे साधत नाही.

ही साधने खर्चिक होती. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले, तेव्हा ही अडचण त्यांच्यापुढे उभी राहिली. त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी तत्त्व कायम ठेवून साहित्य बदलले. बिया, शंखशिंपले, पाने, खडे आणि माती ही त्यांची साधने झाली. बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या आदिवासी मुलांमध्ये याच वस्तूंनी मोजणे, निवडणे, लहानमोठे ओळखणे शिकविले गेले. ‘अंगणवाडी’ हा शब्दही मुलांच्या अंगणात बालवाडी नेण्याच्या त्यांच्या प्रयोगातून रूढ झाला. चिंचोका हरवला तर दुसरा मिळतो. म्हणून तो मुलाच्या हाती देताना शिक्षिकेला भय वाटत नाही. स्थानिक साहित्याचा हा लाभ काटकसरीहून मोठा आहे.

अर्थात, बिया आणि खडे आहेत म्हणून शासनाने आपली जबाबदारी झटकावी, असा याचा अर्थ नव्हे. साहित्य गोळा करावयास वेळ लागतो आणि बारीक वस्तू तोंडात जाऊ नयेत म्हणून देखरेखही लागते. आहारवाटप, वजन-उंचीच्या नोंदी आणि मोबाईलवरील माहिती यांतच दिवस सरत असेल, तर खेळ मांडावयाचा कोणी?

२ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेत पूर्वप्राथमिक शिक्षण प्रारंभापासूनच अंतर्भूत आहे. त्याला न्याय द्यावयाचा तर खेळसाहित्याला वापरून संपणारी वस्तू मानले पाहिजे आणि तुटफुटीचा भार सेविकेवरून उतरविला पाहिजे. तिला स्वतःच्या निर्णयाने खर्च करता येईल अशी लहानशी वार्षिक रक्कमही मिळावी. पर्यवेक्षिकेनेही तपासणीत वस्तू पुऱ्या भरतात का, एवढेच न पाहता त्या वापराने झिजल्या आहेत का, हे पाहावे. वर्षाअखेरीस कोराच राहिलेला पेटारा हा व्यवस्थेचा गुण समजला जाऊ नये. त्याचा जाब विचारला जावा.