काठाएवढी ओळख

मुलाखतीच्या कपड्यांत स्वतःची आवड दाखवायला जागा थोडी असते, पण असते. फिका शर्ट आणि गडद पँट, एकरंगी साडी किंवा साधा सलवार-कुडता हा साचा आपल्याकडे रुळलेला आहे. तो मोडण्याची गरज नाही. माणसाची ओळख त्याच साच्यात कापडाच्या पोतातून, काठाच्या रंगातून, एखाद्या खणाच्या ब्लाउजातून उमटते.

केंद्रीय लोकसेवा आयोगाची नागरी सेवांसाठीची मुलाखत दिल्लीत शहाजहान रोडवरच्या धोलपूर हाउसमध्ये होते. तिचे अधिकृत नावच ‘व्यक्तिमत्त्व चाचणी’ आहे आणि एकूण २०२५ गुणांपैकी २७५ गुण तिचे असतात. त्यांत कपड्यांचे म्हणून वेगळे गुण नाहीत. तरीही पुण्याच्या पेठांतल्या अभ्यासिकांमध्ये मुलाखतीचे बोलावणे आले की रंगांवरून वाद रंगतात आणि बरेच जण शेवटी एकसारख्या निळ्या ब्लेझरवर येऊन थांबतात. यात नुकसान उमेदवाराचेच होते. कारण अंगाला सवय नसलेले कपडे माणसाला आखडून टाकतात.

म्हणून आधी मापाचा प्रश्न. शर्टाची खांद्यावरची शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकावर बसली पाहिजे, बाही मनगटाच्या हाडाशी संपली पाहिजे, वरचे बटण लावल्यावर कॉलरमध्ये दोन बोटे सहज जायला हवीत. मित्राकडून मागून आणलेला ब्लेझर खांद्यावरच चुकतो, आणि खांदा दुरुस्त करणे शिंप्यालाही अवघड असते. त्यापेक्षा स्वतःच्या मापाचा, नीट इस्त्री केलेला शर्ट कितीतरी बरा. टाय बांधायचाच असेल तर त्याचे टोक पट्ट्याच्या बकलापाशी यावे. माप साधले की मग आवडीचा विचार: जाड सुताचा हातमागाचा शर्ट किंवा बंद गळ्याचे जाकीट घालणारा उमेदवार औपचारिकच दिसतो, पण गर्दीतला एक वाटत नाही.

साडीत ही जागा अधिक आहे. येवल्याची भरजरी पैठणी लग्नाची; ती मुलाखतीच्या खोलीत उमेदवाराच्या आधी बोलू लागते. बारीक काठाची सुती नारायणपेठ किंवा इरकल मात्र तिथे छान शोभते. इरकलीत अंगाचा ताणा आणि लाल पदराचा ताणा वेगवेगळे असतात. विणकर ते फासे घालून एकमेकांत जोडतो. आपल्या अंगावरच्या कापडाची एवढी माहिती जिला आहे, तिला कोणी सहज विचारले तर सांगायलाही काहीतरी असते. साडी पूर्ण साधी ठेवून खणाचे ब्लाउज घालणे हाही सुंदर मार्ग. मात्र एकच जागा बोलकी असावी. खण, ऑक्सिडाइझ्ड झुमके आणि मोठी टिकली एकत्र आली की लक्ष चेहऱ्यावर ठरत नाही. खळ घातलेली सुती साडी निऱ्यांना उभारी देते, पण प्रवासात चुरगळते. ती मुक्कामी पोचल्यावरच इस्त्री करावी.

हवामान विसरून चालत नाही. दिल्लीतल्या मुलाखती बहुधा जानेवारीच्या आसपास सुरू होऊन एप्रिलपर्यंत चालतात. जानेवारीच्या सकाळी पुण्याचा सुती शर्ट पुरत नाही आणि एप्रिलमध्ये लोकरी ब्लेझरखाली घाम फुटतो.

कंपनी आणि क्षेत्र पाहून मोकळीक कमी-जास्त होते. बँकेत ती थोडी, जाहिरात संस्थेत किंवा डिझाइनच्या कामात बरीच. तिथे स्वतःची नजर दिसणे हा कामाचाच भाग असतो.

ऑनलाइन मुलाखतीत छातीपर्यंतचाच भाग दिसतो, त्यामुळे कॉलर, गळा आणि रंग यांवर सगळी भिस्त. बारीक रेघांचा शर्ट कॅमेऱ्यात लहरींसारखा थरथरताना दिसतो. सलग रंग बरा. मागची भिंत पांढरी असेल तर पांढरा शर्ट तिच्यात मिसळून जातो.

कपडे कोणतेही असोत, ते आदल्या दिवशी घालून तासभर खुर्चीवर बसून पाहावे. उभे असताना न दिसलेले आखूड मोजे, ताणलेले बटण, खांद्यावरून घसरणारा पदर, पिन नेमकी कुठे हवी, हे सगळे बसल्यावरच कळते.