किल्लारीच्या संवाद सहायक

३० सप्टेंबरला लातूर-धाराशिवमध्ये १९९३ च्या किल्लारी भूकंपात गेलेल्यांना श्रद्धांजली वाहिली जाते. २०२५ मध्ये तो दिवस आला तेव्हा भूम-परांड्याच्या पूरग्रस्त गावांत घरांतला गाळही निघालेला नव्हता. पावसाळ्यात मोबाइलवर इशारे येतच असतात. जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मुसळधार पाऊस, सतर्क राहा. सतर्क राहायचं म्हणजे काय करायचं? दावणीची गुरं कधी सोडायची, म्हाताऱ्यांना कुठं न्यायचं, कुठल्या ओढ्याचं पाणी वस्तीत शिरेल? संदेशाला उलट प्रश्न विचारता येत नाही. आणि हे त्या भागात घडतं, जिथं सरकार एकेकाळी लोकांशी नीट बोलायला शिकलं होतं. माझा राग त्याचाच आहे.

किल्लारीच्या भूकंपाआधी सरकार धोक्याबद्दल लोकांशी कसं बोलायचं, याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. युद्धांच्या वेळी शहरांत भोंगे वाजले, काचांना काळे कागद लागले. १९६७ मध्ये कोयनेला भूकंप झाला, तरी भूकंप म्हणजे तिकडची गोष्ट, हा मराठवाड्याचा समज कुणी खोडला नाही. ऑक्टोबर १९९२ मध्ये किल्लारीला धक्के बसले, भिंतींना तडे गेले, माणसं अंगणात झोपू लागली. गावाला धीर मिळाला, तयारी मिळाली नाही. जाडजूड दगड-मातीच्या भिंती आणि डोक्यावर मातीनं लादलेलं माळवद किती घातक आहे, हे तेव्हा दारोदार सांगायला हवं होतं. कुणी सांगितलं नाही. लोक घरात परतले. पुढच्या वर्षी गणपती विसर्जनाच्या रात्री, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, तीच घरं त्यांच्या अंगावर आली. सुमारे दहा हजार माणसं गेली. त्या गप्प बसण्याची जबाबदारी कुणी घेतली नाही.

नंतरची काही वर्षं मात्र वेगळी होती. जागतिक बँकेच्या मदतीनं पुनर्वसन सुरू झालं. ५२ गावं नव्या जागी वसवायची होती आणि १३ जिल्ह्यांतल्या सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती, मजबुतीकरण त्यांच्या मालकांनी स्वतः करून घ्यायचं होतं. एवढ्या लोकांना पत्रकं वाटून भागणार नव्हतं. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोगाला सोबत घेऊन सरकारनं गावोगावच्या बायकांना या कामात आणलं. त्यांना नाव मिळालं संवाद सहायक. घराचे हप्ते कसे मिळतात, भिंतीत आरपार दगड का घालायचा, माळवदावरची माती का कमी करायची, हे या बायका ओट्यावर बसून समजावत. माती काढली तर घर गळेल, उन्हाळ्यात तापेल, असं लोक म्हणत. ही शंका ऐकून घेणारं माणूस गावातलंच होतं, आणि उत्तर देता आलं नाही तर ती बाई तीच शंका तालुक्याच्या बैठकीत अभियंत्यापुढे मांडत असे. चौकात नमुन्याचं घर उभं असे, हात लावून बघता येई. पदर डोक्यावरून ढळू न देणाऱ्या बायका सिमेंटचं प्रमाण चुकलं तर गवंड्याला थांबवू लागल्या. २००१ मध्ये भूजला भूकंप झाला तेव्हा लातूरच्या बायका कच्छमध्ये जाऊन तिथल्या बायकांशी बोलल्या. मराठवाड्यानं देशाला दिलेली ही फार मोठी गोष्ट आहे आणि ती आपण नीट नोंदवूनही ठेवली नाही.

प्रकल्प संपला, निधी संपला, संवाद सहायकही सरकारच्या लेखी संपल्या. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच वर्षी आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. मग प्राधिकरणं, नियंत्रण कक्ष, आराखडे, ॲप. आपदा मित्र म्हणवणाऱ्या स्वयंसेवकांचं प्रशिक्षण चांगलं आहे, पण ते मुख्यतः बचावाचं. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगडमधल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ती वाडी धोक्याच्या यादीतही नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी राज्यभर मोबाइल कर्कश वाजले, तो इशारा देण्याच्या नव्या यंत्रणेच्या चाचणीचा संदेश होता. मे २०२५ मध्ये पुन्हा युद्धसरावाचे भोंगे वाजले. यंत्रं हवीतच, त्यांना माझा विरोध नाही. पण दरडीखालच्या वाडीत, नदीकाठच्या वस्तीत ज्याला उलट प्रश्न विचारता येईल असं माणूस सरकारनं ठेवलेलं नाही.

अशा प्रत्येक गावात मानधनावर एक संवाद सहायक नेमा. किल्लारीनंतर हे काम केलेल्या कित्येक जणी आता उतारवयात आहेत. त्या आहेत तोवर त्यांना बोलवा आणि नव्या मुलींना त्यांच्याकडून शिकू द्या.