हिमनद्यांच्या काठाने : शीतप्रदेशातील नौकापर्यटन आणि आपले रुग्ण

एप्रिल उजाडला की दादर-गिरगाव भागातील चिकित्सालयांत अलीकडे एक प्रश्न ऐकू येतो : "डॉक्टर, अलास्काची क्रूझ करायची आहे, आमच्या गुडघ्यांना सोसेल ना?" विचारणारे बहुधा सेवानिवृत्त दांपत्य असते. शीत हा वायूचा गुण, वय वाताचे आणि व्याधीही संधिगत वाताची. तेव्हा जाऊ नये, असा निष्कर्ष चटकन निघतो. प्रस्तुत लेखकास तो घाईचा वाटतो.

या यात्रेचे आकर्षण नेमके कशात आहे, हे प्रथम पाहावे. ज्याला केदारनाथची चढण झेपत नाही आणि रोज नव्या हॉटेलात सामान हलवणे नकोसे होते, त्याच्यासाठी जहाज ही मोठी सोय आहे. बॅग एकदा उघडायची. पुढे आठवडाभर डोंगर, अरण्ये आणि बर्फ आपल्यासमोरून सरकत राहतात. मे ते सप्टेंबर या काळात व्हँकुव्हर किंवा सिअ‍ॅटलहून निघणारी जहाजे बराचसा प्रवास बेटांच्या आडोशाने करतात, त्यामुळे तेथे लाटांचा त्रासही कमी. ग्लेशियर बे या राष्ट्रीय उद्यानात दिवसाला दोनच मोठ्या क्रूझ जहाजांना प्रवेश मिळतो. तेथील मार्जरी हिमनदी सुमारे दीड किलोमीटर रुंद असून तिची कडा पाण्यावर सुमारे ७५ मीटर उंच उभी आहे. दाबाखाली हवेचे बुडबुडे निघून गेलेला हा बर्फ प्रकाशातील तांबडा भाग शोषतो, म्हणून निळा दिसतो. त्याचा कडा कोसळतो तेव्हा होणाऱ्या आवाजाला स्थानिक त्लिंगिट लोक पांढरा गडगडाट म्हणतात. १७५० च्या सुमारास हा अवघा उपसागर बर्फाखाली होता. १९१६ पर्यंत बर्फ सुमारे १०० किलोमीटर मागे हटला. उरले आहे ते पाहून घ्यावे, ही ओढही अनेकांच्या मनात असतेच.

गिरगाव-लालबागच्या जुन्या पिढीला बोटीचा प्रवास नवा नाही. भाऊच्या धक्क्यावरून हर्णे, जयगड, रत्नागिरी, मालवण असा तो होई. पण त्यात उलट्या, गर्दी आणि पडावातून उतरण्याची धास्ती असे. १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्यांत गिरगाव-परळचे अनेक होते. ज्या घरांत समुद्र म्हणजे गावाकडे जाण्याची अपरिहार्य वाट, तेथील माणसे आता केवळ पाहण्यासाठी जहाजावर चढतात, याचे मला अप्रूप वाटते.

आता आपल्या शास्त्राकडे वळू. खरा प्रश्न थंडीपेक्षा ऋतुसंधीच्या अभावाचा आहे. वाग्भटांनी जाणाऱ्या ऋतूचे अखेरचे सात आणि येणाऱ्या ऋतूचे पहिले सात दिवस मिळून ऋतुसंधी मानला आणि जुनी चर्या क्रमाने सोडून नवी क्रमाने स्वीकारण्यास सांगितले. विमान मात्र मुंबईच्या ग्रीष्मातून रुग्णाला एका दिवसात दहा-पंधरा अंशांच्या हवेत नेऊन सोडते. हेमंतात अग्नी बलवान असतो म्हणून गुरू आहार चालतो, हे चरकमत खरे. पण ते बलवान आणि त्या ऋतूत मुरलेल्या शरीराविषयी. आपला प्रवासी ग्रीष्मातील अल्प बल आणि मंद अग्नी घेऊन जहाजावर चढतो, आणि समोर दिवसभर उघडे भोजनगृह असते! माझ्या अनुभवात परत आलेल्यांच्या तक्रारींत सांधेदुखीपेक्षा अजीर्णच अधिक.

म्हणून ऋतुसंधी आपणच घडवावा. निघण्यापूर्वी पंधरा दिवस तीळतेलाचा अभ्यंग, कोष्ण जल, रात्री लघु व लवकर भोजन. शक्य तर जहाज सुटण्यापूर्वी दोन दिवस त्या गावी मुक्काम. जहाजावर भूक लागेल तेव्हाच उष्ण व स्निग्ध आहार, कान-मस्तक झाकणे, रात्री पादाभ्यंग. थंडीत तहान कळत नाही, तरी पाणी घ्यावे. गरम पाण्याच्या कुंडातून उठून थेट उघड्या डेकवर जाऊ नये. मळमळीसाठी सुंठ उत्तम. तमकश्वास, हृद्रोग वा मधुमेह असणाऱ्यांची चालू आधुनिक औषधे मुळीच थांबवू नयेत. अस्थिर हृद्रोग्याला मात्र स्पष्ट नकार द्यावा, कारण बंदराबाहेर रुग्णालय दूर असते.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी थोडे. आसव-अरिष्टांत स्वयंजनित मद्यार्क असतो आणि जहाजांवर मद्य आणण्यास निर्बंध असतात. त्याऐवजी वटी अथवा चूर्ण सुचवावे. केबिन बॅगेत १०० मिलीपेक्षा मोठी तेलाची बाटली चालत नाही. ती मोठ्या बॅगेत घट्ट बांधून द्यावी. रसौषधी शक्यतो देऊच नयेत. बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचा अहवाल २००४ साली प्रसिद्ध झाला, तेव्हापासून अमेरिकेत या औषधांकडे संशयाने पाहिले जाते. पुडीत बांधलेले, नाव नसलेले चूर्ण तर कटाक्षाने टाळावे. मूळ सीलबंद वेष्टन, त्यावर घटकद्रव्यांची इंग्रजी नावे आणि सोबत वैद्याची सही-शिक्क्याची चिठ्ठी, एवढे रुग्णाच्या हाती द्यावे.