एका सुप्रसिद्ध सरासरीमागचे प्लवक

२००९ च्या जानेवारीत ‘पोलारस्टर्न’ हे जर्मन संशोधन जहाज केपटाउनहून दक्षिण महासागराकडे निघाले. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ त्यावर होते. वाजिह नक्वी आणि व्हिक्टर स्मेटासेक हे मोहिमेचे प्रमुख. ‘लोहाफेक्स’ नावाच्या या प्रयोगात सुमारे ३०० चौरस किलोमीटर समुद्रात लोहाचे क्षार सोडण्यात आले. तिथल्या पाण्यात नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) मुबलक, लोह मात्र नावापुरते. लोह मिळाले की वनस्पती-प्लवकांचे रान माजेल आणि हवेतला कार्बन त्यांच्याबरोबर खोल पाण्यात जाईल, अशी अपेक्षा होती.

प्लवक वाढले, पण माफकच, आणि वाढले तेही पाण्यातल्या चिमुकल्या प्राण्यांनी फस्त केले. प्लवकांपैकी ज्या डायाटमांवर सारी भिस्त होती ते आलेच नाहीत. डायाटमांचे कवच सिलिकाचे असते आणि त्या भागातले विरघळलेले सिलिका आधीच्या बहरांनी संपवून टाकले होते. मला हा प्रयोग फसला असे कधीच वाटले नाही. प्लवक म्हणजे नुसता हिरवा रंग नव्हे, प्रत्येक जातीच्या शरीराची स्वतःची रासायनिक मागणी असते, हे त्याने भर समुद्रात दाखवून दिले.

पाठ्यपुस्तकांतून मात्र आपल्याला एकच आकडा भेटतो. अमेरिकी शास्त्रज्ञ आल्फ्रेड रेडफिल्ड यांनी १९३४ मध्ये वेगवेगळ्या समुद्रांतले पाणी आणि त्यातले प्लवक यांची मोजमापे शेजारी शेजारी ठेवली. खोल पाण्यात नत्र आणि स्फुरद ज्या प्रमाणात विरघळलेले असतात, जवळपास त्याच प्रमाणात ते प्लवकांच्या शरीरात असतात, असे त्यांच्या लक्षात आले. पुढे सुधारणा होत होत हे गुणोत्तर स्थिरावले: फॉस्फरसच्या एका अणूमागे नायट्रोजनचे १६ आणि कार्बनचे १०६. डोळ्यांना न दिसणारे जीव अख्ख्या महासागराचे रसायन घडवतात, हा विचार त्यातून पुढे आला. विसाव्या शतकातल्या सुंदर विचारांपैकी तो एक आहे, असे मी मानतो.

पण १०६:१६:१ ही सरासरी आहे. प्रयोगशाळेत प्लवक वाढवले, तर पाणी, प्रकाश आणि जात बदलताच हे प्रमाण खुशाल बदलते. कारण पेशीच्या आत आहे. प्रथिनांत आणि हरितद्रव्यात नायट्रोजन असतो. फॉस्फरसचा मोठा वाटा रायबोसोममधल्या आरएनएत अडकलेला असतो. भराभर वाढायचे तर प्रथिने बनवणारे रायबोसोम पुष्कळ हवेत, म्हणून वेगाने वाढणाऱ्या पेशीला फॉस्फरस जास्त लागतो. अंधुक प्रकाशात जगणारी पेशी प्रकाश पकडणारी यंत्रणा वाढवते आणि तिचा नायट्रोजनचा खर्च चढतो. पोषकद्रव्ये आटली, पण ऊन भरपूर असले, तर कार्बन साठत जातो.

अंथरूण पाहून पाय पसरण्याची या जिवांची हातोटी तर थक्क करणारी आहे. अटलांटिकमधल्या सारगासो समुद्रात फॉस्फरसचा कायमचा दुष्काळ. तिथले प्लवक पेशीपटलातले फॉस्फरसयुक्त मेद कमी करून त्यांच्या जागी गंधकयुक्त मेद वापरतात. समुद्राच्या पाण्यात गंधकाला तोटा नाही. लोह कमी पडले, तर अनेक प्लवक लोहयुक्त फेरेडॉक्सिन या प्रथिनाच्या जागी लोहाविना चालणारे फ्लेव्होडॉक्सिन कामाला लावतात. आणि थॅलसिओसिरा नावाच्या एका डायाटमाने कमालच केली आहे. जस्त मिळेना, तेव्हा कार्बन डायऑक्साइड हाताळणाऱ्या विकरात तो चक्क कॅडमियम वापरतो. आपण ज्याला विष म्हणून ओळखतो, ते त्याला पोषक ठरते.

२०१३ मध्ये अॅडम मार्टिनी आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या समुद्रांतली मोजमापे एकत्र केली, तेव्हा या भेदाचा नकाशाच समोर आला. उष्ण, पोषणाला पारखे झालेले मध्य महासागर घ्या: तिथे प्रमाण १९५:२८:१. ध्रुवांकडच्या थंड, सुपीक पाण्यात ७८:१३:१. म्हणजे फॉस्फरसच्या तेवढ्याच साठ्यावर उष्ण समुद्रातले प्लवक अडीचपट कार्बन बांधतात. पृथ्वीवरचे जवळपास निम्मे प्रकाशसंश्लेषण समुद्रात होते, तेव्हा हा फरक किरकोळ नाही. समुद्र तापला की वरचे आणि खालचे पाणी कमी मिसळते आणि वरच्या थराला पोषकद्रव्ये कमी मिळतात. अशा वेळी कार्बनचा अंदाज १०६ च्या ठरावीक आकड्यावर बांधला, तर तो चुकणारच.

नाण्याची दुसरी बाजू खाणाऱ्यांची. कार्बनने फुगलेले, स्फुरदाने गरीब खाद्य मिळाले की ते खाणाऱ्या प्राण्यांची वाढ खुंटते. गोड्या पाण्यातल्या डॅफ्निया या चिमुकल्या प्राण्यावर हे वारंवार सिद्ध झाले आहे. मासळीपर्यंत जाणारी साखळी इथूनच सुरू होते.

आपला अरबी समुद्र तर या विषयाची खाणच आहे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांत खालचे पोषक पाणी वर येते आणि बहर येतो. मधल्या थरात प्राणवायू इतका कमी की तिथले जिवाणू नायट्रेटचा वायू करून टाकतात, त्यामुळे स्फुरदाच्या मानाने नत्र तोकडे पडते. मग उन्हाळ्याच्या तोंडाशी, समुद्र शांत असताना, ट्रायकोडेस्मियम हे नीलहरित शैवाल पृष्ठभागावर पसरते. पाण्यात विरघळलेला नायट्रोजन वायू ते थेट वापरू शकते. त्यासाठीच्या विकराला मात्र लोह भरपूर लागते, आणि वाळवंटावरून येणारी धूळ ते पुरवते. एकाच वर्षात एकाच पाण्यात प्लवकांच्या बनावटीचे इतके प्रकार.

उपग्रह हरितद्रव्याचा रंग टिपतात. पेशीत फॉस्फरस किती, हे त्यांना दिसत नाही. त्यासाठी पाणी गाळावेच लागते. कार्बन-नायट्रोजनसाठी महागडे यंत्र हवे, पण गाळणकागदावरचा फॉस्फरस भट्टी, आम्ल आणि मॉलिब्डेटचा निळा रंग यांवर मोजता येतो, आणि रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बहुतेक महाविद्यालयांत ही सोय असते. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यातल्या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना हाताशी धरून एका ठरावीक ठिकाणचे पाणी दर महिन्याला गाळावे आणि ते काम वर्षानुवर्षे चालू ठेवावे.