विश्लेषण : ‘बगळा ऑर्किड’ बियांपासून का उगवत नाही?

उडत्या पांढऱ्या बगळ्यासारखे फूल दाखवून बियांची पाकिटे ऑनलाइन विकली जातात. पेरल्यावर काहीच उगवत नाही, नाहीतर भलतेच तण येते. फूल मात्र खरे आहे. जपानमध्ये त्याला ‘सागीसो’, म्हणजे बगळ्याचे रोप म्हणतात. हिमेजी शहराचे ते शहरपुष्प आहे.

ऑर्किडचे बी धुळीसारखे बारीक, त्यात अन्नसाठा जवळपास नसतोच. निसर्गात ते बुरशीच्या मदतीनेच रुजते. म्हणून घरी लावायचा तो कंद, वाटाण्याएवढा.

लागवड कशी करतात?

हिवाळा सरताना कंद टोक वर ठेवून स्फॅग्नम मॉसमध्ये २-३ सेंटिमीटर खोल लावतात. रोप मूळचे पाणथळ जागेतले, त्यामुळे वाढीच्या काळात मॉस सुकू देऊ नये. पाणी शक्यतो पावसाचे. ऑगस्टच्या सुमारास फुले येतात, मग पाने वाळतात आणि रोप मेले समजून अनेक जण कुंडी रिकामी करतात. घात इथेच होतो. जुना कंद दरवर्षी संपतो, पण तोवर खाली नवे कंद तयार झालेले असतात. त्यांना हिवाळाभर थंड, जेमतेम ओलसर विश्रांती लागते. गोठू मात्र देऊ नये. मुंबई-कोकणात तशी थंडी पडत नाही. तिथल्या गच्चीसाठी कंद मागवण्याआधीही विचार केलेला बरा.