चारशे किलोमीटरवरचा समुद्र

आमच्या जवळा बाजारहून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी चारशे किलोमीटरच्या पुढे. मी तो पहिल्यांदा पाहिला बँकेत लागल्यावर, प्रशिक्षणासाठी मुंबईला गेलो तेव्हा. पण समुद्राचा माल घरात आधीपासून होता. आजी तुळजाभवानीची आराधी. मंगळवारी गळ्यात कवड्यांची माळ घालून, परडी घेऊन ती जोगवा मागायला निघायची. आजी गेल्यावर दिवाळीच्या साफसफाईत ती माळ मी जुन्या भांड्यांबरोबर मोडीत देऊन टाकली. शिकलेला माणूस ना मी!

काय दिलं ते कळलं फार उशिरा, तेरला.

धाराशिव जिल्ह्यात तेरणेकाठचं हे गाव आपल्याला गोरोबाकाकांचं म्हणून ठाऊक. त्याआधी ते तगर होतं. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर सांगितलं आहे. तिथून जाडंभरडं कापड, मलमल आणि समुद्रकाठाहून आलेला माल गाड्यांत भरून भडोचला जाई. रस्ते जवळजवळ नव्हतेच, हेही लेखकाने नोंदवलं आहे. (काही गोष्टी बदलत नाहीत.)

या तगराच्या खुणा गावाभोवतीच्या पांढरीत पुरलेल्या. पावसाने माती वाहिली की मणी, भाजल्या मातीच्या मूर्ती वर येत. लोकांना ती खापरं. गावातल्याच रामलिंगप्पा लामतुरे यांना तसं वाटलं नाही. त्यांनी वर्षानुवर्षं त्या वस्तू जमवल्या, सांभाळल्या. पुढे तो संग्रह शासनाकडे गेला आणि आज त्यांच्याच नावाचं सरकारी संग्रहालय तिथे उभं आहे. इथली हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाहताना १९३८ साली इटलीत पाँपेईच्या उत्खननात सापडलेली मूर्ती आठवते. पाँपेई गाडलं गेलं इ. स. ७९ मध्ये.

मी मात्र रेंगाळलो शंखाच्या बांगड्यांपाशी. शंख करवतीने आडवा कापायचा, निघालेली कडी घासून गुळगुळीत करायची, वर नक्षी कोरायची. मधला पिळाचा दांडा उरतो, त्याचेही मणी होतात. काहीच वाया नाही. बांगड्यांचे तुकडेच जास्त. कुणा तगरवासिनीच्या हातात फुटलेले. फुटकी बांगडीसुद्धा कुणीतरी जपून ठेवली होती, आणि मी अख्खी माळ विकली होती.

जन्मभर नोटा मोजल्या, म्हणून हेही सांगतो. कवडी हे चलन होतं. मालदीवच्या कवड्यांवर बंगालचे व्यवहार एकोणिसाव्या शतकापर्यंत चालत. आपण ‘कवडीमोल’ म्हणतो ते उगाच.

परतताना तुळजापूरला उतरून कवड्यांची माळ घेतली. दुकानदाराने विचारलं, “घरात आराधी कोण?”

“होती,” म्हटलं.

घरी नातवाने एक कवडी कानाला लावली. थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, “आजोबा, काहीच ऐकू येत नाही.”