पृथ्वी आणि आपले शरीर : साम्य किती, फरक किती?

‘पृथ्वीवर ७० टक्के पाणी आणि माणसाच्या शरीरातही ७० टक्के पाणी’ हा मेसेज आपल्यापैकी अनेकांच्या मोबाईलवर येऊन गेला असेल. खाली बहुधा ‘पिंडी ते ब्रह्मांडी’ असे लिहून कोणा निर्मात्याची योजना सिद्ध केलेली असते. मित्रांनो, आपण आधी आकडे तपासू.

पृथ्वीच्या पृष्ठभागाचा सुमारे ७१ टक्के भाग पाण्याखाली आहे, हे खरे. पण हे झाले क्षेत्रफळ. वजनाने पाहिले तर सगळे महासागर मिळून पृथ्वीच्या एक टक्क्याचा दहावा हिस्सासुद्धा भरत नाहीत. प्रौढ माणसाच्या वजनात मात्र सुमारे ६० टक्के पाणी असते.

उष्णतेचेही तसेच. पृथ्वीच्या पोटातली उष्णता काही तिच्या जन्मावेळची, तर काही किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या विघटनातून आलेली. आपल्या शरीराचे ३७ अंश तापमान अन्नातून मिळणाऱ्या ऊर्जेवर टिकते. दिसायला साम्य, पण कारणे वेगळी.

मग साम्य मुळीच नाही का? आहे. ते घटकद्रव्यांत आहे. चुनखडीतले कॅल्शियम आपल्या हाडांत आहे. समुद्रातले मीठ आपल्या घामात आणि अश्रूंत आहे. पृथ्वीचा गाभा मुख्यतः लोहाचा. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्येही लोहच. हे लोह मातीतून पिकात आणि पिकातून ताटात येते.

तथागतांनी हेच नाते वेगळ्या भाषेत सांगितले. मज्झिम निकायातील महाराहुलोवाद सुत्तात ते राहुलला समजावतात की केस, नखे, दात, हाडे हा आतला पृथ्वीधातू. बाहेरची माती हाही पृथ्वीधातूच. दोन्हींत ‘मी’ किंवा ‘माझे’ म्हणावे असे काही नाही. म्हणजे ज्या साम्यावरून इतर लोक आत्मा सिद्ध करतात, त्याच साम्यावरून बुद्ध अनात्म शिकवतात. पुढे ते राहुलला पृथ्वीसारखा, पाण्यासारखा हो असे सांगतात. पाण्यात स्वच्छ वस्तू धुवा की घाण, पाण्याला किळस येत नाही.

किळस माणसाला येते, तीही शिकवलेली. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी प्यायले. त्यानंतर सनातन्यांनी ते तळे ‘शुद्ध’ करून घेतले. तळ्यातले पाणी आणि पिणाऱ्याच्या रक्तातले पाणी यांत रसायनशास्त्राला फरक सापडत नाही. बाटले ते कोणते पाणी?

म्हणून पुढच्या वेळी तो मेसेज आला की नुसता फॉरवर्ड करू नका. आकडा तपासा, कारण विचारा. आणि खरे साम्य सांगायचेच असेल तर एवढे सांगा : सगळ्यांचे रक्त एकाच मातीतल्या लोहाने लाल झाले आहे.

जय भीम, नमो बुद्धाय!